कोशिंबिरीला बुफेने मारलं

मे महिन्यात दिघाशीला एका साखरपुड्याला गेलो होतो. दिघाशी म्हणजे भिवंडी तालुक्यातलं, अंबाडीजवळचं गाव. माझं आजोळ. आता भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, नाहीतर गोदामं आठवतात. पण या बाजूला अजून भाताची शेती आहे, पावसात पडवीच्या छपरावर चढवलेले काकडीचे वेल आहेत, आणि घरटी एखादी म्हैस नसली तरी म्हैसवाला शेजारी आहे. हे सांगायचं कारण पुढे येईल.

साखरपुड्याची वेळ साडेअकराची होती. पाहुणे कल्याणहून यायचे होते, म्हणजे अर्थातच ते सव्वाला आले. मांडवात एका कडेला केटररने बुफे लावला होता. त्यात एक टेबल खास सॅलडचं. गाजराची फुलं, मुळ्याची कमळं, काकडीचा मगर (दोन लवंगा डोळ्यांना!), आणि मधोमध काचेच्या मोठ्या वाडग्यात ते पांढरं, दाट, क्रीमी प्रकरण. कच्चा कोबी, कच्चं गाजर, सिमला मिरची, अननसाचे तुकडे, वर एक लालभडक चेरी आणि समोर पाटी: 'रशियन सलाड'.

हे टेबल अकरा वाजता लागलं. मी पाहिलं, कारण मी तिथेच पंख्याच्या वाऱ्याला खुर्ची टाकून बसलो होतो. पहिला माणूस जेवायला उठला पावणेदोनला. शेवटचा साडेतीनला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, मांडवाचा पत्रा तापलेला, आणि वाडग्याच्या कडेने पिवळसर तेलाची एक रेघ हळूहळू सुटत होती. अडीचच्या सुमाराला केटररच्या पोऱ्याने येऊन डावाने ते सगळं एकदा ढवळलं. रेघ गेली. सॅलड पुन्हा 'ताजं' झालं.

त्याच वेळी माझी मामी आत स्वयंपाकघरात, घरच्या चार म्हाताऱ्या माणसांसाठी, एका स्टीलच्या टोपात काकडीची कोशिंबीर कालवत होती. मी विचारलं, "मामी, ही बाहेर का नाय ठेवली?" ती म्हणाली, "बाहेर कोन खातंय? आणि बाहेर ठेवायची ती कोशिंबीर नाय रे, पानी होतंय तिचं."

मामी एका वाक्यात जे बोलली ते कळायला मला दोन महिने आणि एक फजिती लागली. आज तेच लिहायचं आहे.

आधी माझी बाजू उघड करतो. मी काही 'आपलं ते सोनं' पंथाचा नाही. ऑफिसात रोज सँडविच खातो, त्यात मेयोनीज असतं आणि ते मला आवडतं. माझं भांडण मेयोनीजशी नाही. माझं भांडण या समजुतीशी आहे, की शंभर-दीडशे माणसांच्या जेवणात कच्च्या भाज्यांचं काहीतरी दाट, मऊ, थंड असं ठेवायचं असेल तर ते बाटलीतूनच येतं. आपल्याकडे हा पदार्थ होता. चांगला होता. तो चवीत हरला नाही. तो वेळापत्रकात हरला.

कसं ते पाहा. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कोबीतही नव्वदीच्या वर. हे पाणी पेशींच्या आत बंद असतं. बाहेरून मीठ लागलं की ते बाहेर येऊ लागतं. शाळेत शिकलेलं परासरण, दुसरं काही नाही. कोशिंबिरीत मीठ घातलं की घड्याळ सुरू होतं. पहिली दहा मिनिटं ती अप्रतिम असते. वीस मिनिटांनी बरी असते. तासाभराने टोपात तळाला पाणी आणि वर लोंबणारी काकडी. म्हणून आपल्या बायकांनी तिचं एक शास्त्र बसवलं होतं: काकडी चोचवून ठेवायची, दही घुसळून ठेवायचं, कूट बाजूला, फोडणीचं तूप चुलीजवळ, आणि पानं मांडली की मगच मीठ. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळे भाग आधी तयार, पण जोडणी शेवटच्या क्षणी.

आणि हे जमायचं कशामुळे? पंगतीमुळे. पंगतीत पन्नास माणसं एकदम बसतात, डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढली जाते, आणि पाच मिनिटांत ती पोटात असते. दुसरी पंगत बसली की दुसरा टोप कालवायचा. म्हणजे कोशिंबीर हा मुळातच घाण्याघाण्याने करायचा पदार्थ आहे. तिला 'आता' असा एक क्षण लागतो, जेव्हा सगळे एकदम जेवायला बसतात.

बुफेने हा क्षणच काढून टाकला. बुफेत कुणी पावणेदोनला जेवतो, कुणी तीनला. पदार्थ तीन-चार तास उभा राहिला पाहिजे, ही बुफेची पहिली अट. आणि तीन-चार तास उभं राहण्यात मेयोनीजचा हात कुणी धरू शकत नाही. का, तर ते मुळात तेल आहे. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांप्रमाणे ज्याला मेयोनीज म्हणायचं, त्यात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावं लागतं. आपल्याकडच्या लग्नात येतं ते बहुतेक बिनअंड्याचं. त्याच्या पाकिटामागचे घटक एकदा वाचा. तेल, पाणी, साखर, घट्ट करायला स्टार्च नाहीतर गोंद. हे सगळं भाजीभोवती असं लपेटून बसतं की भाजीने पाणी सोडलं तरी ते लगेच दिसत नाही. दिसत नाही, एवढंच! भाजी आत मरतेच.

म्हणजे केटररने चव बघून हा पदार्थ निवडलेला नाही. कंत्राटातली अट बघून निवडलाय. आपण एक अडचण तयार केली (सगळ्यांनी वाट्टेल तेव्हा जेवायचं), मग तिच्यावर तोडगा विकत घेतला, आणि आता त्या तोडग्यालाच आपण मेजवानीची शान म्हणतो.

जाता जाता त्या 'रशियन' नावाबद्दल. १८६० च्या दशकात मॉस्कोच्या 'हर्मिटेज' नावाच्या हॉटेलात लुसिएँ ऑलिव्हिए नावाचा खानसामा होता. त्याने एक सॅलड काढलं, ज्यात रानपक्ष्यांचं मांस, चिंगाटीसारखे नदीतले जीव वगैरे शाही ऐवज होता. पुढे सोव्हिएत काळात त्याचं उकडलेला बटाटा, मटार आणि मेयोनीज असं गरीब रूप झालं, आणि तेच जगभर पसरलं. म्हणजे मूळ रशियन सॅलडात कच्चा कोबी नाही, अननस तर नाहीच नाही. आपल्या बुफेतला प्रकार नात्याने जास्त जवळचा आहे तो कोलस्लॉला, जो डच लोकांच्या कोबीच्या सॅलडावरून आला. आपण डच कोबीला रशियन नाव देऊन भिवंडी तालुक्यात चेरी लावून वाढतो. असो. नावावरून मी भांडणार नाही. पचडी आणि कोशिंबीर यांतला फरक दोन घरांत विचारला तर तीन उत्तरं येतात, तेव्हा आपणही काही फार शिस्तीचे नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. कच्ची भाजी चार तास उन्हाळ्यात उघडी ठेवणं हा खेळ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंच्या वाढीला सोयीचा. शिजवलेल्या अन्नाची ही कथा, तर जिला आच लागलेलीच नाही तिच्याबद्दल आणखी सावध राहायला नको? मेयोनीजबद्दल लोकांना भीती वाटते ती अंड्यामुळे. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी घातली. हे बरोबरच केलं. पण त्यातून आपल्याकडे एक चुकीचा धडा घेतला गेला, की 'आपलं तर बिनअंड्याचं, म्हणजे आपण सुटलो'.

नाही सुटलो. कारखान्यातून बाहेर पडणारं मेयोनीज पुरेसं आंबट असतं, त्यात जंतू सहसा तग धरत नाहीत. पण त्यात तुम्ही तिप्पट कोबी-गाजर-अननस मिसळलात, भाज्यांनी पाणी सोडलं, की आंबटपणा पातळ झाला. शिवाय भाजी कुठल्या पाण्यात धुतली, कुणी कापली, किती वाजता कापली हे तुम्हाला माहीत नाही. बाटली निर्दोष असेलही. वाडगा निर्दोष आहे असं त्यावरून ठरत नाही.

आणि हे सगळं दह्यालाही लागू आहे बरं का. दह्याच्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते, भाजीवरचा प्रत्येक जंतू मरत नाही. म्हणून 'कोशिंबीर पारंपरिक आहे, तिला काही होत नाही' असं म्हणणारा काका आणि 'पाकीटबंद आहे, त्याला काही होत नाही' असं म्हणणारा केटरर हे माझ्या लेखी एकाच माळेचे मणी. पारंपरिक पदार्थ जपायचा तर त्याची वेळेची अटही जपावी लागते. मोड आलेले मूग-मटकी कच्चे घालून कोशिंबीर करायची टूम तर मोठ्या जेवणात अजिबात नको. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमुळे हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. मोड येताना जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. घालायचेच तर वाफवून घाला. चवीत फार फरक पडत नाही, मी खाऊन पाहिलंय.

त्या साखरपुड्याला कुणाला काही झालं का? कुणी काही बोललं नाही. पण लग्नानंतर दोन दिवस पोट बिघडलं तर आपण दोष कुणाला देतो? उन्हाला, प्रवासाला, बासुंदीला. सॅलडला कधी नाही; ते 'हेल्दी' ना!

तर जुलैत मामेभावाच्या मुलीचं बारसं निघालं. दिघाशीलाच, घरच्या घरी, शंभरेक माणसं. मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की बाकी स्वयंपाक आचाऱ्याकडे, कोशिंबीर माझ्याकडे. मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू?" त्या एका अक्षरात माझी अख्खी अभियांत्रिकी पदवी वाहून गेली.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. पूर्वी पंगतींतली कोशिंबीर ताजी असायची, ती आपोआप नाही. पाच-सहा बायका पहाटेपासून मागच्या पडवीत काकड्या चोचवत बसायच्या. प्रत्येक पंगतीला नवा टोप कालवायच्या. पुरुषांच्या पंगती उठल्या, पाहुण्यांच्या उठल्या, मग मुलांच्या, आणि सगळ्यात शेवटी चार वाजता या बायका बसायच्या. तेव्हा कोशिंबीर संपलेली असायची. मी लहानपणी हे पाहिलंय आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हणून केटरर आल्यावर आजोळच्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल तर तो त्यांचा हक्क होता. बुफेने कोशिंबीर मारली हे खरं, पण मामीला खुर्चीवर बसून गरम जेवायला मिळालं तेही बुफेमुळेच. तेव्हा 'पूर्वीचं ते सगळं छान' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, की काकड्या कोण चोचवणार. उत्तर 'घरच्या बायका' असेल तर माझं मत मेयोनीजला.

म्हणून मी स्वतः बसलो. सोबत मामेभाऊ, म्हणजे बाळाचा बाप. (त्याला सुरी हातात देताना त्याच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता.)

आणि पहिल्या घाण्याला मी सपशेल आपटलो.

झालं असं, की मी हुशारी केली. शंभर माणसांना दरडोई साठ ग्रॅम धरून सहा किलो काकडी आणली. किसणीवर भराभर किसली, अर्ध्या तासात काम फत्ते. मीठ, साखर, मिरची, कूट आणि बाजारातलं पाच किलो पातळ दही, सगळं सकाळी दहालाच एका पिंपात मिसळून मोकळा झालो. साडेबाराला झाकण काढलं तर काकडीचं ताक! कूट फुगून तळाला गाळ. आणि वर आणखी एक भानगड: कुठली तरी एक काकडी कडू होती. शंभरातली एक कडू निघाली तरी किसात ती पिंपभर होते. मामीने चमचाभर चाखलं, काही बोलली नाही, पिंप उचलून म्हशीच्या गोठ्याकडे घेऊन गेली. शेजारच्या म्हशीनेही हुंगून तोंड फिरवलं, हे मी इथे लिहिणार नव्हतो पण मामेभाऊ सगळ्यांना सांगतोच आहे.

तेव्हा तिथे उभं राहून जी शिकवणी मिळाली ती अशी. किसणी पेशी चिरडते, म्हणून पाणी जास्त सुटतं. काकडी सोलून हातात उभी धरायची, सुरीने तिला बारीक बारीक उभे घाव घालायचे आणि मग आडवं पातळ छाटत यायचं, याला चोचवणं म्हणतात. तुकडे बारीक पण सुटे पडतात, दाताखाली कुरकुरतात. आणि चोचवण्याआधी प्रत्येक काकडीच्या देठाकडची चकती कापून चाखायची. प्रत्येक. एकही सोडायची नाही. आम्ही प्रोग्रामर लोक ज्याला युनिट टेस्ट म्हणतो आणि शुक्रवारी घाईत टाळतो, ती हीच. जून काकडी असेल तर मधला बियांचा गर काढून टाकायचा, कारण अर्धं पाणी तिथेच असतं.

दाटपणा दह्यातून आणायचा तर पातळ दही चालत नाही. म्हशीच्या दुधाला ६-७ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाला साधारण चार. म्हणून म्हशीच्या दुधाचं, घरी विरजलेलं, फार आंबट न झालेलं दही घ्यायचं. ते फडक्यात तीन-चार तास टांगायचं. श्रीखंडासारखा कोरडा चक्का नको; अर्धवट निथळलेला हवा, चमच्यावरून सावकाश घसरेल असा. त्यात वाटी-दोन वाट्या साय फेटून घालायची. झालं तुमचं क्रीम. मेयोनीजच्या किती पट चांगलं ते चाखूनच ठरवा, पण तोंडात तेलाचा थर राहत नाही एवढं नक्की. शेंगदाण्याचं कूट नुसतं चवीला नसतं, ते सुटलेलं पाणी शोषून घेतं. स्टार्च आणि गोंद जे काम करतात तेच, फक्त खमंगपणे. कूट फार बारीक पूड करू नका, नाहीतर लगदा होतो. आणि पाहुण्यांत कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर एक टोप ओल्या खोबऱ्याचा वेगळा करा. हे आधी विचारायला लाज कसली?

पन्नास माणसांचा एक घाणा धरा. तीन किलो काकडी, अडीच किलो दह्याचा निथळून उरलेला सव्वा किलोच्या आसपास दाट भाग, पाव किलो साय, तीनशे ग्रॅम कूट, दहा-पंधरा हिरव्या मिरच्या, मूठभर साखरेपेक्षा थोडी कमी, कोथिंबीर, आणि चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम मीठ. मीठ मोजून पुडी बांधून ठेवा. गर्दीत अंदाजपंचे टाकलेलं मीठ दोनदा पडतं. तूप-जिरं-हिंग-मिरचीची फोडणी करून कोमट होऊ द्यायची, कडकडीत थंड दह्यावर ओतायची नाही. भाजी पिण्याच्या पाण्याने धुवायची, सोलण्याच्या आधी, आणि फडक्यावर कोरडी करायची. ज्या विळीवर सकाळी मटण कापलं ती विळी इथे आणायची नाही. दह्याचं भांडं बर्फाच्या टबात. चोचवलेली काकडी वेगळ्या झाकणाच्या डब्यात, तोही बर्फात.

निथळलेलं दह्याचं पाणी फेकायचं नाही हेही मामीनेच सांगितलं. संध्याकाळी त्यात कणीक भिजवली.

मामाने दोन गल्ल्या पलीकडून म्हशीचं दही आणवलं, बारसं दीड तास पुढे ढकललं (बाळ झोपलंच होतं, कुणाची तक्रार नव्हती), आणि मी आणि मामेभावाने पुन्हा नव्या काकड्या घेतल्या. या वेळी पडवीच्या वेलावरच्या, त्या पावसाळी, बुटक्या, पोटाशी पिवळसर. सहा किलोंना आम्हा दोघांना सव्वा तास लागला. दही टांगायला पुरेसा वेळ नव्हता, म्हणून फडक्यात घालून वर पाटा ठेवला. आचाऱ्याने बुफेच मांडला होता, तेव्हा पंगतीचा क्षण काही मिळणार नव्हता. मग पंगतच बुफेत घुसवली. एकच मोठा वाडगा न ठेवता लहान टोप ठेवला, वीसेक माणसांचा. तो संपत आला की मागे खिडकीत उभा असलेला मामेभाऊ बर्फातून काकडी काढायचा, दही घालायचा, मिठाची पुडी फोडायचा, फोडणीचा डाव ओतायचा आणि मी नवा टोप पुढे न्यायचो. पाच टोप लागले. एकही टोप टेबलावर अर्ध्या तासावर उभा राहिला नाही. दोन माणसं आणि एक खिडकी, बस.

यावर केटरर लोकांचं म्हणणं मला माहीत आहे, त्या साखरपुड्याला मी विचारलंही होतं. "साहेब, लोकांना तेच पायजे. आणि एक पोरगा खास सॅलडला उभा करायला कुणाला परवडतंय?" पहिलं वाक्य मला पटत नाही. लोकांपुढे दुसरं ठेवलंच नाही तर लोकांना काय पाहिजे ते कळणार कसं? बारशाला आलेल्या पोराटोरांनी, ज्यांच्याबद्दल मला सांगितलं होतं की मेयोशिवाय खात नाहीत, त्यांनी टोप चाटले. पण दुसरं वाक्य प्रामाणिक आहे. डोशाला माणूस उभा करतात, पाणीपुरीला करतात, पानाला तर फेटा बांधून करतात. कोशिंबिरीला एक माणूस परवडत नाही याचा अर्थ एवढाच, की आपण तो कधी मागितलाच नाही. यजमान मेन्यू ठरवताना पनीरच्या दोन भाज्या की तीन यावर अर्धा तास घासाघीस करतो आणि सॅलडच्या रकान्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. तुमच्या पुढच्या कार्याला त्या रकान्यापाशी थांबा. विचारा: कधी कापणार? मीठ कधी घालणार? टेबलावर किती वेळ? उत्तर येत नसेल तर तो रकाना खोडा आणि नुसत्या लिंबाच्या फोडी ठेवा. त्याने कुणाचं नुकसान होत नाही.

आणि ज्यांच्या घरी माणसं आहेत, पण ती सगळी मांडवात खुर्च्यांवर पाय पसरून राजकारणावर बोलत आहेत, त्यांनी त्यातले दोन पुरुष उचलून पडवीत बसवा. सुरी धरायला शिकायला दहा मिनिटं लागतात. मला लागली.

त्या दिवशी शेवटचा टोप आम्ही कालवला तो दुपारी तीनला. पाहुण्यांसाठी नव्हता. मामी, मावशी, आचाऱ्याच्या हाताखालच्या दोघी आणि भांडीवाली ताई, अशा पाचजणी ओटीवर बसल्या होत्या. मामेभावाने वाढलं. मामीने घास घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाली, "मीठ जरा कमी हाय." मग आणखी घेतली.

दिवाळीनंतर त्या साखरपुड्याचं लग्न आहे. साडेतीनशे माणसं, हॉल कल्याणचा, केटरर तोच. मामाने त्याला फोन करून सॅलडचा रकाना खोडायला लावलाय. साडेतीनशेंना एकवीस किलो काकडी होते, आणि आत्तापर्यंत चोचवायला तयार झालेले पुरुष आहेत चार.